पहिलं विधान झाकून ठेव

आपा, तू गेलीस त्याला आज नऊ दिवस झाले. या नऊ दिवसांत लोक तुझ्याबद्दल जे काही बोलले, त्यातलं निम्मं तू तिथल्या तिथे खोडून टाकलं असतंस. तुमच्या शेजारची बाई मला म्हणाली, "हलीमा फार सोशिक होती." माझ्या कानात लगेच तुझा आवाज आला, "कशावरून?" दुसरी म्हणाली, "बिचारीचं शिकायचं राहून गेलं." पुन्हा तुझा आवाज, "तुला कोणी सांगितलं?" मला एकीकडे हसू फुटत होतं आणि एकीकडे डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं. दोन्ही लपवायला माझ्याकडे पदर एकच होता.

तुझी जन्मतारीख, तुझा आजार, तुझ्यामागे कोण कोण आहे, हे मी लिहिणार नाही. ते ज्यांना माहीत असायला हवं त्यांना आहे. मला तुला एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती मी दहा वर्षं टाळली. तू समोर असतीस तर म्हणाली असतीस, सुलभा, मुद्द्यावर ये. येते. पण माझ्या सवयीप्रमाणे जरा वळसा घालून येते, तेवढं चालवून घे.

सत्त्याऐंशी साल. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि बँकेच्या परीक्षेचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं. गणित जमायचं, इंग्रजी रेटून न्यायचे, पण तर्काच्या पेपरात एक प्रकार असा होता की तो आला की माझी पाटी कोरी. माझ्या वर्गातली नसीम म्हणाली, "माझ्या चाचीकडे चल. ती झोपेतही सोडवते ते." वाटेत तिने सांगितलं की तू तिची चाची आहेस आणि एका बाजूने फुफीसुद्धा लागतेस. मला वाटलं पोरगी गोंधळलीय. चाची म्हणजे काकू आणि फुफी म्हणजे आत्या, एकच बाई दोन्ही कशी असेल? तेव्हा मी नसीमला विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचा एवढा वाद वाचला असता.

तुमचं घर म्हणजे खाली आठ लूम, म्हणजे यंत्रमाग, आणि वर दोन खोल्या. मी जिना चढून आले तेव्हा तू चुलीसमोर... चूल नव्हे, स्टोव्हसमोर बसून भाकऱ्या थापत होतीस आणि मांडीशी एक जाडजूड हिंदी गाईड उघडं होतं. तू काहीतरी बोललीस. मला खालच्या खडखडाटात ओठ हलताना दिसले, एवढंच. मी "काय?" म्हणाले, तू परत बोललीस, मी परत "काय?" म्हणाले. मग तू पीठ लागलेल्या हाताने पाटाकडे बोट दाखवलंस. बस, असं म्हणत होतीस.

त्या आवाजात शिकवायचं म्हणून तू बोटांची भाषा काढली होतीस. खालचे कारागीर दिवसभर हातवाऱ्यांनीच बोलायचे, ते बघून तुला सुचलं असणार. एक बोट म्हणजे पहिलं विधान एकटं पुरतं. दोन बोटं फाकवून म्हणजे दुसरं एकटं पुरतं. दोन बोटं चिकटवून म्हणजे दोन्ही मिळून पुरतात. उघडा तळहात म्हणजे दोघांतलं कुठलंही चालेल. आणि बंद मूठ म्हणजे दोन्ही मिळूनही कळत नाही. आम्ही दोघी-तिघी पोरी पाटावर बसून गाईडमधला प्रश्न वाचायचो आणि एकदम हात वर करायचो. खालून कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, वर मुक्यांची शाळा भरलीय.

ज्यांनी ही परीक्षा दिली नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रश्न असा असतो: राजू मोहनपेक्षा उंच आहे का? खाली दोन विधानं. एक, राजू सलीमपेक्षा उंच आहे. दोन, सलीम मोहनपेक्षा उंच आहे. राजू उंच आहे की बुटका, याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. एवढी माहिती उत्तर द्यायला पुरते का, आणि कुठली पुरते, इतकंच सांगायचं. मला ते जमायचं नाही. मी आपली राजूला मोहनच्या शेजारी उभा करून मोजत बसायचे. तू माझ्या हातातली पेन्सिल काढून घ्यायचीस. "जवाब नको काढूस. जवाब निघतो का, तेवढं बघ."

माझी दुसरी खोड त्याहून वाईट होती. पहिलं विधान वाचलं की ते डोक्यात घर करायचं, आणि दुसरं एकटं पुरतं का हे बघताना मी नकळत पहिल्याचीही मदत घ्यायचे. तू गाईडवर तुझा हळदीने पिवळा झालेला तळवा ठेवायचीस. "पहिलं विधान झाकून ठेव. आता सांग." मी म्हणायचे, "झाकलं तरी वाचलेलं कसं विसरू, आपा?" तू म्हणालीस, "विसरायला कुठं सांगतेय? बाजूला ठेव. तुझंच हाय, कुठं जात नाय." हे वाक्य मी पुढे किती ठिकाणी वापरलं असेल, त्याची तुला कल्पना नाही.

ते गाईड तुझ्या दिराचं होतं. तो बँकेच्या परीक्षेसाठी घेऊन आला, परीक्षा न देताच सौदीला गेला, आणि पुस्तक फडताळात राहिलं. तू जुन्या अकरावीपर्यंत शिकलेली, उर्दू शाळेतली, लग्न होऊन पंधरा-सोळा वर्षं झालेली. दुपारी जरा बसायला मिळायचं तेव्हा तू ते उघडलंस आणि शेवटाकडच्या या प्रकरणावर जी अडकलीस ती अडकलीसच. मी एकदा विचारलं, "तू का नाही गं परीक्षा दिलीस?" तू म्हणालीस, "उमर निघून गेली. आणि मला नोकरी नको हाय, मला सवाल पाहिजेत." मला ते तेव्हाही निम्मंच खरं वाटलं होतं. उरलेलं निम्मं मी कधी विचारलं नाही.

आता आपल्या वादाकडे येते.

गाईडमध्ये प्रश्न होता: सीमा ही अनिलची बायको आहे का? पहिलं विधान, सीमाचे वडील आणि अनिलचे वडील सख्खे भाऊ आहेत. दुसरं, अनिलची बायको सीमाच्याच गावची आहे. मी झटकन एक बोट वर केलं. सोपं होतं. चुलत भाऊ-बहीण, म्हणजे बायको नाही, विषय संपला. पुस्तकाच्या मागे उत्तरही तेच. तू मात्र मूठ दाखवत होतीस. नेमकी तेव्हाच वीज गेली आणि लूम थांबले.

"आपा, मागे बघ. पहिलं एकटं पुरतं."

"मागे चुकीचं छापलंय."

"असं कसं? चुलत बहीण बायको कशी असेल?"

तू शांतपणे भाकरी उलटलीस. "माझे अब्बा आणि खाली लूमवर बसलाय त्याचे अब्बा सख्खे भाऊ. या गाईडच्या हिशेबानं माझं लग्नच झालेलं नाय."

मग मला नसीमच्या चाची-फुफीचा उलगडा झाला. तेवढ्यात खालून तुझ्या नवऱ्याचा, भाईजानांचा, आवाज आला, "लग्न झालं नसंल तर चहा कोण देणार?" त्यांना जिन्यातून सगळं ऐकू गेलं होतं. आम्ही सगळ्या हसलो, पण मी वाद सोडला नाही. मीही अंजूर गावच्या आगऱ्याची पोर. मी म्हणाले, "अगं, पण नावं बघ ना. सीमा, अनिल. म्हणजे हिंदू. आमच्यात चालत नाही."

"तुमच्यात मामाच्या मुलीशी चालतं ना?"

"चालतं. माझ्या काकांनी केलीय."

"मग इथं मामा लिहिलं असतं तर तू मूठ दाखवली असतीस. चुलता लिहिलं तर एक बोट. म्हणजे जवाब विधानातून येत नाय, तुझ्या अंजूरमधून येतोय. सवालात अंजूर दिलंय का?"

"नाव दिलंय. नाव ही पण माहितीच आहे."

"नावावरून तू त्यांच्या घरात घुसलीस. घर दिलेलं नाय."

मग वीज आली आणि लूम सुरू व्हायच्या आधीच्या त्या अर्ध्या मिनिटात तू जे बोललीस ते मी कोणाला सांगितलेलं नाही. "नाव ऐकून जवाब काढायची सवय या गावाला महाग पडली हाय, सुलभा." चौऱ्याऐंशीच्या दंगलीला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. मी तुमच्या मोहल्ल्यात येते म्हणून माझ्या घरी कुरबुर चालायची आणि मी येते म्हणून तुझ्याही गल्लीत कोणीतरी काहीतरी म्हणत असणार. तू त्या दिवसांबद्दल परत कधी बोलली नाहीस. पण पुढचे चार-सहा महिने आपण दोघी त्या सीमा-अनिलवरून भांडत राहिलो. मी आले की तू मूठ दाखवायचीस, मी एक बोट दाखवायचे, आणि मग चहा.

तेवढ्यात माझ्या घरी वळ गावचं स्थळ आलं. मुलगा शेतकरी कुटुंबातला, नात्यातल्या नात्यात. बाबांनी मनातून ठरवून टाकलं होतं. बघायचा कार्यक्रम नेमका परीक्षेच्या आठवड्यात. मी तुझ्याकडे येऊन रडले. तू मला "रडू नको" म्हणाली नाहीस, "तुझ्या बापाला कधी भेटता येईल?" एवढंच विचारलंस. आणि रविवारी खरोखरच तू आणि भाईजान टेम्पोने अंजूरला आलात, हातात नारळाच्या वड्यांचा डबा. बाबांनी ओटीवर सतरंजी घातली. आईने आतून वाकून बघितलं आणि चहा टाकला.

तू बाबांना विचारलंस, "मुलगा कसा हाय?"

"घर चांगला हाय, बाई. चार एकर जमीन हाय. बाप तं देवमानूस."

"ते बापाचं झालं. मुलाचं सांगा."

"पोरगा शिकलाय."

"किती?"

बाबांनी आईकडे बघितलं. आईने आढ्याकडे बघितलं.

"तुम्ही भेटलात त्याला?"

"एका लग्नात बगितला व्हता. पंगतीत वाढीत व्हता."

"चांगला वाढत होता?"

"हां, मंग."

तू ओढणीआडून मला मूठ दाखवलीस. मला असं हसू आलं की मी पाणी आणायच्या निमित्ताने आत पळाले. बाहेर तू म्हणत होतीस, "भाऊ, मी त्याला वाईट नाय म्हणत. मला त्याच्याबद्दल काय माहीतच नाय, आणि तुम्हाला पण नाय. परीक्षेला दीड महिना हाय. तिला एकदा बसू द्या. तोवर तुम्ही मुलाला चार वेळा भेटा. मग ठरवा."

"आनि नोकरी लागली न पोर हाताबाहेर गेली तं?"

"कशावरून जाईल?"

"लोकं बोलतात."

"अंजूरमध्ये कुठल्या लोकांची पोर बँकेत हाय?"

"कुनाचीच न्हाय."

"मग लोकांना कसं कळलं?"

बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. मग भाईजानांकडे वळून म्हणाले, "तुमी घरात कसं ऱ्हाता हो हिच्यासंगं?" भाईजान म्हणाले, "मी खाली लूमवर असतो. आवाजात काय ऐकू येत नाय." बाबा खो खो हसले आणि तिथेच माझी परीक्षा वाचली. एकदाच, असं बजावून त्यांनी परवानगी दिली. या वेळी झाली तर झाली, नाहीतर लग्न.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते तुला माहीत आहेच. चार-पाच वर्षांनी तो मला एका हळदीत भेटला. सुस्वभावी, बायको खुशीत, गोदामांना माल पोचवायचा धंदा चांगला चाललेला. मी तणतणत तुझ्याकडे आले की मुलगा तर चांगला निघाला. तू म्हणालीस, "मी कधी म्हटलं होतं वाईट हाय?" तुझ्याशी भांडायची हीच पंचाईत. तू जेवढं माहीत असायचं तेवढंच बोलायचीस आणि समोरच्याला पकडायला काही शिल्लकच ठेवायची नाहीस.

आणि आता ती गोष्ट.

परीक्षा रविवारी, ठाण्याच्या एका शाळेत होती. बाबा मला सोडायला आले आणि फाटकाबाहेर झाडाखाली डबा मांडीवर घेऊन बसले. तर्काचा पेपर हातात आला. पहिले प्रश्न झरझर गेले. पानाच्या खाली मला तो दिसला. पी ही क्यूची पत्नी आहे का? पहिलं विधान, पीचे वडील आणि क्यूचे वडील सख्खे भाऊ आहेत. दुसरं विधानही जवळजवळ आपल्या गाईडमधलंच. आपा, तिथे नावं नव्हती. पी आणि क्यू. ना हिंदू, ना मुसलमान, ना अंजूर. मी सहा महिने तुझ्याशी ज्या एका मुद्द्यावर भांडत होते तो मुद्दाच उरला नव्हता. माझ्याच वादाप्रमाणे बघितलं तरी आता उत्तर तुझंच होतं.

आणि पेपर काढणाऱ्याला काय हवंय हेही मला ठाऊक होतं. त्यानेही ते गाईड वाचलेलं असणार, किंवा त्याच्या घरीही माझ्यासारखंच चालत असणार. माझी पेन्सिल थांबली. एकेक गुण मोलाचा होता, आणि बाबा बाहेर डबा घेऊन बसले होते. मी पहिला गोल काळा केला आणि पुढच्या प्रश्नाला गेले.

मंगळवारी मी तुझ्याकडे आले. तू पेपर कसा गेला विचारलंस, वेळ पुरला का विचारलंस, आणि मग भांडी आवरता आवरता, माझ्याकडे न बघता विचारलंस, "तसला सवाल आला होता का गं?"

"कसला?"

"चुलत भाऊ-बहिणीचा."

"नाही," मी म्हणाले.

तू मान वर करून माझ्याकडे क्षणभर बघितलंस. मग "बरं" म्हणालीस, मला बसायला सांगून खाली गेलीस, आणि वर आलीस ती सांदणं उकडायला ठेवलीस. नारळाच्या दुधात बुडवून मला एवढी खायला घातलीस की मला उठवेना. मला वाटलं, परीक्षा संपली म्हणून लाड चाललेत.

मी खोटं का बोलले? तू रागावली असतीस म्हणून नाही. परीक्षेत परीक्षेचं उत्तर लिहायचं, हे तुलाही कळत होतं. मला लाज वाटली ती वेगळ्याची. तो गोल काळा करून मी लिहून दिलं होतं की तुझं लग्न झालेलं नाही. सहा महिने तुझ्या पाटावर बसून, तुझ्या हातचं खाऊन, भाईजानांचा चहा पिऊन मी तुझं घर खोडून टाकलं होतं, आणि तेही खरं काय ते कळत असताना.

मी पास झाले. मुलाखत झाली, नोकरी लागली. बाबांनी अंजूरभर पेढे वाटले आणि पहिला पुडा घेऊन स्वतः तुझ्याकडे आले. मी वेळोवेळी ठरवायचे की आज सांगून टाकू. ईदेला यायचे तेव्हा ठरवायचे, बदली झाली तेव्हा ठरवलं, माझ्या लग्नात तू मला हळद लावत होतीस तेव्हा तर अगदी ओठांवर आलं होतं. मग कोणीतरी हाक मारायचं, आणि मला सुटल्यासारखं व्हायचं.

एक गोष्ट मात्र मी तुला सांगितली होती. आमच्या शाखेत एक कारागीर खातं उघडायला आला. उत्तरेकडून आलेला, कागदपत्रं सगळी धड. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाने अर्जावरचं नाव वाचलं आणि कागद बाजूला सारून म्हणाला, "उद्या या." मी उठले, त्या नावावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "आता वाचा." त्याला वाटलं बाईला वेड लागलंय. पण अर्ज त्याने वाचला, आणि खातं त्याच दिवशी उघडलं गेलं. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू खुशीत येऊन म्हणालीस, "म्हणजे आलीस ना माझ्या बाजूला?" मी म्हणाले, "अजिबात नाही. नाव ही माहितीच आहे. म्हणून तर झाकावं लागतं." तू विचारात पडलीस. दहा-अकरा वर्षांच्या ओळखीत मी तुला एवढं एकदाच अडवलं असेल. "याच्यावर सोचून सांगते," म्हणालीस. ते उत्तर तू दिलं नाहीस. गेल्या वर्षी आठवण केली तर म्हणालीस, अजून सोचतेय.

तू गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी, जियारतीच्या प्रार्थनेला मी आले. बायका वर बसल्या होत्या. मला त्यांच्यात बसवेना म्हणून मी जिन्यात येऊन बसले. भाईजान खालच्या पायरीवर होते. आठही लूम बंद होते. त्या घरात मी इतकी शांतता कधी ऐकली नव्हती, आणि कदाचित म्हणूनच माझ्या तोंडून निघून गेलं. मी त्यांना सगळं सांगितलं. पी आणि क्यू, पहिला गोल, आणि तुझ्याशी बोललेलं खोटं.

भाईजान मग म्हणाले, "तिला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सवाल आला होता ते. नसीम पण बसली होती ना परीक्षेला. रविवारी संध्याकाळीच येऊन सांगून गेली."

मी म्हणाले, "मग मंगळवारी मला विचारलं कशाला?"

"दोन दिवस जेवली नव्हती ती," भाईजान म्हणाले. "सारखी एकच गोष्ट. मी हट्टानं त्या पोरीच्या डोक्यात माझा जवाब भरला. पेपरात काय लिहायचं ते सांगायलाच विसरले. तिनं माझं ऐकून मूठ लिहिली असंल तर? तिचा बाप एकदाच बसू देणार हाय. मी म्हटलं, विचार तिला. तर म्हणे, तोंडानं विचारायची हिंमत होत नाय. मग तू आलीस. तू 'नाही' म्हणालीस, आणि ती धावत खाली आली. लूम चालू होते. माझ्या कानाशी येऊन ओरडून सांगितलं, पोरीनं बरोबर लिहिलंय. मी विचारलं, कशावरून? तर म्हणाली, माझं ऐकलं असतं तर छाती काढून सांगितलं असतं. लपवतेय, म्हणजे पास होणार."

भाईजान पायरीवरून उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वर पाहुण्यांकडे गेले.

आपा, माझ्या एका "नाही"वरून तुला सगळं कळलं होतं. सवाल आला होता, मी काय लिहिलं, का लिहिलं, आणि मला त्याची किती लाज वाटतेय तेसुद्धा. आणि मग दहा वर्षं तू एकदाही त्याचा विषय काढला नाहीस. मी ईदेला तुझ्या शेजारी बसून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते आणि तू मला वाढत होतीस. तुझ्याइतकी हुशार बाई मी बँकेत पाहिली नाही, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांतही पाहिली नाही, आणि ती सगळी हुशारी तू एका पोरीची लाज राखायला वापरलीस. मला राग येतोय तो माझाच. तू त्या मंगळवारी मला माफ करून मोकळी झालीस आणि मी मात्र तुला ते करताना बघायचं चुकवलं.

तुझं उत्तर बरोबर होतं. ते एवढंच वाक्य होतं, आपा. तुझ्या तोंडावर ते म्हणायला मला दहा वर्षं मिळाली होती.